सैन्यातले कट्टरपंथी: 'कुणालाच कल्पना नव्हती' हे खरं असतं का?

सावकाश

दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "फितूर आतलाच असेल तर त्याला ओळखणार कोण?" तेव्हापासून डोक्यात घोळतंय. तिथे अवांतर झालं असतं म्हणून वेगळा धागा काढतोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. फौजेतला माणूस कट्टरपंथाकडे वळतो तेव्हा ते शेजारच्या खाटेवरच्याला दिसतं, वरिष्ठाला दिसतं आणि बऱ्याचदा त्यावर कागदही तयार होतो. घोडं अडतं ते त्या कागदावर पुढची सही करायची कुणी, इथे.

जर्मनीचा फ्रँको ए. घ्या (तिकडच्या बातम्यांत आरोपीचं आडनाव असं अक्षरावरच थांबतं). हा लेफ्टनंट फ्रान्समधल्या सँ-सीर लष्करी अकादमीत शिकायला होता. २०१३ च्या अखेरीस त्याने प्रबंध दिला. त्यात काय, तर स्थलांतरामुळे युरोपातले वंश बुडवले जातायत, हे सगळं कारस्थान आहे, वगैरे. फ्रेंचांनी जर्मनांना कळवलं, हा आमचा असता तर आम्ही घरी पाठवला असता. जर्मन लष्कराने आपल्या एका इतिहासकाराकडून प्रबंध तपासून घेतला. त्यानेही लिहून दिलं की हा अभ्यास नव्हे, वंशवादी आवाहन आहे. म्हणजे दोन देशांच्या जाणकारांचं मत एक, तेही लेखी. पुढे काय झालं? शिस्तभंगाची चौकशी गुंडाळली, त्याला नवा प्रबंध लिहायला लावला आणि तो पास झाला.

दोन वर्षांनी याच लेफ्टनंटने सीरियन निर्वासित म्हणून नाव नोंदवलं. अरबी येत नव्हती, मुलाखत फ्रेंचमध्ये दिली, तरी अर्ज मंजूर झाला! इकडे बराकीत अधिकारी, तिकडे सरकारी दफ्तरात निर्वासित. फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हिएन्ना विमानतळाच्या स्वच्छतागृहात लपवलेलं पिस्तूल काढायला गेला आणि पकडला गेला. बोटांचे ठसे घेतले तर एका हातावर दोन माणसं निघाली. हल्ला करून त्याचं खापर निर्वासितांवर फोडायचा बेत होता, असं सरकारी पक्षाचं म्हणणं. जुलै २०२२ मध्ये साडेपाच वर्षांची शिक्षा झाली.

बेल्जियमचा सैनिक युर्गन कोनिंग्ज तर याच्यावर कडी. फेब्रुवारी २०२१ पासून त्याचं नाव देशाच्या दहशतवादविषयक धोक्याच्या यादीत, तेही वरच्या पायरीवर. मे महिन्यात हाच इसम बराकीच्या शस्त्रागारातून चार रणगाडाविरोधी रॉकेट लाँचर आणि इतर हत्यारं घेऊन निघून गेला. कुलूप तोडलं नाही, त्याला आत जायची परवानगीच होती. ज्या विषाणूतज्ज्ञाला मारायचं होतं त्याच्या घराबाहेर तो काही तास थांबला, मग जंगलात गायब. महिन्याभराने, २० जूनला, प्रेत सापडलं. तोपर्यंत फेसबुकवर त्याच्या समर्थकांचा ४०,००० च्या वर लोकांचा गट जमला होता.

यादी करणारं खातं वेगळं, किल्ली देणारं खातं वेगळं. मधला निरोप कुठे राहिला?

खवचट_काकू

कुठे राहणार, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर' असा शेरा मारून टेबलावर. आमच्या ऑफिसात नकोसा माणूस काढता येत नाही म्हणून त्याला बढती देऊन दुसऱ्या विभागाच्या गळ्यात मारतात. सैन्य काही वेगळ्या मातीचं नसतं.

सावकाश

काकू, तुम्ही गंमतीत लिहिलंत, पण निदाल हसनचं अगदी हेच झालं. अमेरिकी लष्करातला मनोविकारतज्ज्ञ. २००७ मध्ये वॉल्टर रीड रुग्णालयात सगळ्या डॉक्टरांसमोर त्याने सादरीकरण केलं. विषय वैद्यकीय असायला हवा होता, याने स्लाइड दाखवल्या धर्मयुद्धाच्या आणि मुस्लिम सैनिकांना मुस्लिमांविरुद्ध लढायला लावलं तर काय होऊ शकतं याच्या. ऐकणारे अस्वस्थ झाले, आपसात बोलले. वार्षिक गोपनीय अहवालात मात्र सगळं गोड गोड. अल-कायदाचा धर्मोपदेशक अन्वर अल-अवलाकी याला तो ईमेल पाठवत होता, तेही एफबीआयने वाचले होते आणि 'संशोधनासाठी असेल' म्हणून सोडून दिले होते. मे २००९ मध्ये मेजर केलं, जुलैत फोर्ट हूडला बदली. ५ नोव्हेंबरला तिथे त्याने १३ जणांना मारलं. सिनेटच्या समितीने २०११ च्या अहवालात या गोड अहवालांवरच बोट ठेवलं.

दुर्बीण

धागा चांगला आहे, पण दोन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत भरल्या जातायत. 'घुसलेला' वेगळा आणि 'घडलेला' वेगळा.

घुसलेला म्हणजे विचार बाहेरून ठरवून आणतो, फौज त्याच्यासाठी फुकटची तालीम आणि कोठार. ईथन मेल्झर हा अमेरिकी शिपाई या प्रकारातला. तो ज्या सैतानपूजक नवनाझी पंथाचा होता, त्या पंथात सैन्यासारख्या संस्थांत शिरून अनुभव घेणं ही शिकवणच आहे. २०२० मध्ये त्याच्या तुकडीची तुर्कस्तानातल्या एका तळावर नेमणूक होणार होती. याने तळाची, पहाऱ्याची, हत्यारांची माहिती आपल्या लोकांना ऑनलाइन पुरवली. हेतू हा की हल्ला व्हावा आणि आपलेच सोबती मरावेत. २०२३ मध्ये ४५ वर्षांची शिक्षा झाली.

ब्रिटिश लष्करातला मिक्को वेह्विलाइनेन कुठल्या खान्यात घालायचा, मला ठरवता येत नाही. लान्स कॉर्पोरल, अफगाणिस्तानात जाऊन आलेला, नव्या पोरांना शिकवणारा. 'नॅशनल अॅक्शन' या डिसेंबर २०१६ मध्ये बंदी घातलेल्या नवनाझी संघटनेसाठी तो सैन्यातच भरती करत होता. २०१८ मध्ये आठ वर्षं.

फरक यासाठी महत्त्वाचा की घुसलेल्याला भरतीच्या दारात अडवता येतं. घडलेल्याला दारातली चाळणी काय करणार? तो आत आला तेव्हा स्वच्छच होता.

माजी_नायक

सहसा वाचतो आणि पुढे जातो. आज लिहितो.

पलटणीचं, ठिकाणाचं नाव विचारू नका. आमच्या सेक्शनला एक पोरगा आला. कामाला वाघ. नेमबाजीत कुणी हात धरत नव्हतं. वर्षभरात बदलला. आधी रोल कॉलनंतर आमच्यात बसून टवाळक्या करायचा, मग कानात बोळे घालून मोबाइल छातीवर ठेवून पडायला लागला. त्याची एक वही होती, निळ्या पुठ्ठ्याची. फोनवर ऐकायचा आणि त्यात उतरवून घ्यायचा. एकदा खाटेखाली पडली म्हणून मी उचलून दिली, तेव्हा उघडं पान दिसलं. आपल्याच कंपनीतल्या तिघांची नावं आणि पुढे त्यांच्या समाजाला देतात ती शिवी. त्याखाली रेघ मारलेली, पट्टी लावून, सरळ.

मी हवालदार मेजरना सांगितलं. तोंडी. ते म्हणाले, "पोरगा फायरिंगमध्ये एक नंबर आहे, स्पर्धा तोंडावर आहे. घरचं काहीतरी टेन्शन असेल, निवळेल." स्पर्धा झाली, आम्ही जिंकलो. काही महिन्यांनी त्याची पोस्टिंग आली आणि तो गेला. त्याने पुढे काही केलं असं कानावर नाही. देव करो नसेलच केलं. पण नव्या पलटणीला त्या वहीबद्दल कुणी कळवलं नाही हे नक्की, कारण कळवायला आमच्याकडे कागदच नव्हता. मी लेखी दिलं नव्हतं.

सावकाश म्हणतात कागद असतो. मी म्हणतो, कागद व्हायच्या आधीच निम्मी प्रकरणं मिटतात. आणि लेखी का दिलं नाही विचाराल, तर ज्याच्या भरवशावर उद्या पुढे सरकायचं आहे त्याच्याविरुद्ध कागद करणं म्हणजे काय, ते बाहेरून समजत नाही. बाकीचे माझ्याशी बोलले नसते.

रातराणी

माजी_नायक, लिहिल्याबद्दल आभार. ती पट्टीने मारलेली रेघ डोळ्यांसमोरून जात नाहीये.

तिरकस_रेघ

मी जरा उलट्या बाजूने बोलतो. रागावू नका.

आकडे बघा. अमेरिकेत संसदेवरच्या ६ जानेवारी २०२१ च्या हल्ल्यानंतर संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी ६० दिवसांत प्रत्येक तुकडीने एक दिवस काम थांबवून या विषयावर बोलावं असा हुकूम काढला. वर्षअखेरच्या अहवालात सिद्ध झालेली प्रकरणं किती? साधारण १००. राखीव दलं धरून फौज वीस लाखांच्या वर. इंडोनेशियाच्या संरक्षणमंत्र्यांनी २०१९ मध्ये सांगितलं की सैन्यातले सुमारे ३ टक्के कट्टर विचारांच्या 'संपर्कात' आलेत. संपर्कात म्हणजे? प्रवचन ऐकलं? पत्रक घेतलं? अशा शब्दांवर लोकांच्या नोकऱ्या जातात.

आणि संशय सगळ्यांवर सारखा घेतला जात नाही. फोर्ट हूडनंतर अमेरिकी लष्करप्रमुख केसी यांनी बोलून दाखवलं होतं की या घटनेत लष्करातली विविधताही बळी पडू नये. त्यांना त्याबद्दल शिव्या पडल्या, पण मुद्दा बरोबर होता. एका हसनमुळे हजारो मुस्लिम सैनिकांकडे वाकड्या नजरेने बघितलं, तर पुढचा हसन तुम्हीच तयार करता.

बिनकामाचा_वकील

'संपर्क' आणि 'सहभाग' यांतली रेघ हाच यातला कायदेशीर पेच आहे. अमेरिकेत १९८६ पासून नियम होता की वंशवादी संघटनेत 'सक्रिय' सहभाग चालणार नाही. म्हणजे नुसतं सभासद असणं, पत्रकं मागवणं चालून जायचं. डिसेंबर १९९५ मध्ये फोर्ट ब्रॅगजवळ ८२ व्या एअरबोर्न या छत्रीधारी डिव्हिजनच्या सैनिकांनी दोन कृष्णवर्णीय नागरिकांना रस्त्यात गोळ्या घातल्या. मारणाऱ्याचं राहतं ठिकाण नाझी झेंड्यांनी आणि पुस्तकांनी भरलेलं. चौकशीत त्या डिव्हिजनमध्ये कट्टरपंथी किंवा स्किनहेड (डोकं भादरलेले गोरे वंशवादी) असलेले २२ सैनिक निघाले. १९९६ मध्ये नियम आवळला. डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा आवळला: आता समाजमाध्यमावर असा मजकूर प्रचाराच्या हेतूने लाइक किंवा शेअर केला तरी तो सक्रिय सहभाग.

लाइकचा हेतू कोर्ट मार्शलपुढे सिद्ध कसा करणार, हे मला विचारू नका. मी बिनकामाचाच बरा.

गलबत

शेजारी देशाचं नाव अजून कुणी कसं घेतलं नाही? ६ सप्टेंबर २०१४, कराचीची नौदल गोदी. अल-कायदाच्या भारतीय उपखंड शाखेची घोषणा होऊन जेमतेम तीन दिवस झालेले. पाकिस्तानी नौदलाचेच आजी-माजी अधिकारी 'झुल्फिकार' ही युद्धनौका ताब्यात घ्यायला निघाले. बेत फसला, पण २०१६ मध्ये पाच नौदल अधिकाऱ्यांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. त्याआधी २०११ मध्ये ब्रिगेडियर अली खानला हिज्ब-उत-तहरीर या खिलाफत आणू पाहणाऱ्या संघटनेशी संबंधांवरून धरलं होतं. १९९५ मध्ये मेजर जनरल अब्बासी आणि मंडळी बेनझीर सरकार उलथायला निघाली होती. ब्रिगेडियर, मेजर जनरल! 'भरकटलेली पोरं' म्हणायचीही सोय नाही.

संपादक

दोन प्रतिसाद उडवले आहेत. कुठल्या धर्माचे लोक जास्त अतिरेकी, ही स्पर्धा इथे नको. गलबत यांचा प्रतिसाद माहितीचा आहे, तो ठेवला आहे.

दुर्बीण

गलबत, पाकिस्तानच्या बाबतीत मला घुसखोरी हा शब्दच अपुरा वाटतो. झिया उल हकने फौजेचं ब्रीदच 'ईमान, तकवा, जिहाद फी सबीलिल्लाह' (श्रद्धा, धर्मनिष्ठा, अल्लाच्या मार्गावर जिहाद) केलं. संस्थेच्या भिंतीवर जे शब्द रंगवलेत तेच शब्द घेऊन भरती करणारा आला, तर पोराला तो परका वाटणार कसा? तो म्हणतो, तुमचे साहेब हे नुसतं भिंतीवर लिहितात, आम्ही करून दाखवतो.

हे फक्त तिथलंच नाही. अमेरिकेत 'ओथ कीपर्स' संघटनेने हीच युक्ती केली. २००९ मध्ये स्ट्युअर्ट ऱ्होड्स या माजी पॅराट्रूपरने ती काढली. नावातच शपथ. सैनिक राज्यघटनेच्या 'देशी-विदेशी सर्व शत्रूं'विरुद्ध शपथ घेतो ना, मग निवृत्त झालास म्हणून शपथ संपते का, देशातले शत्रू आम्ही दाखवतो, चल. सैनिकाला त्याची शपथ मोड असं कुणीच सांगत नाही. तू एकटाच ती पाळतोयस, असं सांगतात.

तळटीप

निवृत्तांचा मुद्दा आला ते बरं झालं. मोठ्या घटनांत नोकरीतले कमी आणि नोकरी सोडलेले जास्त दिसतात. टिमथी मॅकव्हे, आखाती युद्धात ब्राँझ स्टार पदक मिळवलेला. १९ एप्रिल १९९५ ला ओक्लाहोमा सिटीत १६८ माणसं मारली. त्याची आणि साथीदार टेरी निकोल्सची ओळख लष्करी प्रशिक्षणातली. वेड मायकेल पेज, लष्करात १९९२ ते १९९८, २०१२ मध्ये ओक क्रीकच्या गुरुद्वारात शिरून त्याने गोळीबार केला. जर्मनीत डिसेंबर २०२२ मध्ये सुमारे ३,००० पोलिसांनी छापे घालून सरकार उलथवण्याच्या तयारीतला राइखबर्गर (आजचं जर्मन राज्यच न मानणारे) गट धरला. त्यात म्हातारे माजी अधिकारी होते, आणि खास दलातला एक नोकरीतलाही.

गणवेश उतरला की लष्कराचा अधिकार संपतो आणि पोलिसांना वाटतं, फौजेचा माणूस आहे, शिस्तीचा असणार. या फटीत बरंच काही मावतं.

रातराणी

प्रश्न बावळट असेल तर सोडून द्या. माजी_नायकांसारख्या माणसाने तेव्हा करायचं तरी काय होतं? हवालदार मेजर ऐकत नाहीत, त्यांच्या वर जायचं म्हणजे त्यांनाच डावलायचं.

दुर्बीण

प्रश्न बावळट नाही, तोच मुख्य आहे. जर्मनीने १९५० च्या दशकात नवी फौज उभारताना यावर विचार केला होता. संसदेचा एक स्वतंत्र आयुक्त असतो, कुठलाही सैनिक त्याला थेट पत्र लिहू शकतो. साहेबाची परवानगी नाही, 'थ्रू प्रॉपर चॅनेल' नाही. हिटलरच्या फौजेचा अनुभव ताजा होता, म्हणून 'गणवेशातला नागरिक' ही कल्पनाच पायाशी घातली.

सावकाश

आणि तरी केएसके घडलं. जर्मनीचं सगळ्यात कसलेलं खास दल. २०१७ मध्ये दलाच्या दोन नंबरच्या कंपनीतल्या निरोप समारंभात डुकरांच्या मुंडक्यांची फेकाफेक आणि हिटलरी सलाम. हे बाहेर कुणी सांगितलं? समारंभाला बोलावलेल्या एका बाईने. दलातला एकही माणूस बोलला नव्हता. मे २०२० मध्ये एका सार्जंट मेजरच्या सॅक्सनीतल्या घरी छापा पडला. दोन किलो पीईटीएन स्फोटक, एके-४७, हजारो गोळ्या, शिवाय हिटलरच्या एसएस या निमलष्करी संघटनेचं गाण्यांचं पुस्तक. पुढच्याच महिन्यात एका कॅप्टनने संरक्षणमंत्र्यांना थेट १२ पानी पत्र लिहिलं की आत सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे डोळेझाक करतात. महिन्याच्या शेवटी मंत्रीणबाईंनी अख्खी दोन नंबरची कंपनी बरखास्त केली.

तिरकस_रेघ, तुमचे १०० मला मान्य आहेत. पण ते १०० स्वयंपाकी आहेत की खास दलातले, हे आकड्यात कळत नाही.

तिरकस_रेघ

हे मान्य. इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात यांचा खून आठवला. ६ ऑक्टोबर १९८१, विजयदिनाची परेड. लेफ्टनंट खालिद इस्लांबुलीने आपल्या ट्रकवरच्या तिघांना बाजूला काढून त्यांच्या जागी बाहेरचे तीन आणले. परेडमध्ये जिवंत काडतुसं न्यायची नाहीत हा नियम होता. एवढ्या मोठ्या फौजेत चार माणसं आणि एक ट्रक पुरला.

पण केएसकेचा शेवट मला जास्त विचित्र वाटतो. दलाच्या हिशेबात ४८,००० गोळ्या आणि ६२ किलो स्फोटकं कमी भरत होती. कमांडरने २०२० मध्ये सवलत दिली: ज्याच्याकडे असेल त्याने गुपचूप आणून टाका, नाव विचारणार नाही. सैनिकांनी आणून टाकली, हातबॉम्बसुद्धा. नंतर मोजदाद केली तर हिशेबात जेवढ्या गोळ्या कमी होत्या त्यापेक्षा जास्त परत आलेल्या.

बिनकामाचा_वकील

म्हणजे गुन्हा आधी माफ, मग मोजदाद. त्या सवलतीवरून पुढे कमांडरचीच चौकशी लागली ते योग्यच झालं.

माजी_नायक

रेंजवरून आलं की आम्ही रिकामी काडतुसंसुद्धा मोजून जमा करायचो. एक कमी भरलं तर सगळी कंपनी गुडघ्यांवर बसून बॅटरीच्या उजेडात गवत चाळायची, रात्रीचे दोन वाजले तरी. जास्त भरलं तर काय करायचं, हे मला सबंध नोकरीत कुणी सांगितलं नाही. आमच्याकडे एकदा सात जास्त भरली होती. हवालदार मेजर म्हणाले, खिशात टाक आणि चल.